नाकासमोर

याकुत्स्कच्या बाजारात मासे उभे विकतात,
खोक्यात, शेपटीवर, सरपणाच्या मोळीसारखे,
तोंडं वर. उघडी.
अठरा हिवाळे मीही त्यांच्याशेजारी तशीच उभी,
फरक एवढाच, माझ्या तोंडातून वाफ निघे
आणि भाव.

उणे अठ्ठेचाळीसात हाक मारायची
म्हणजे प्रत्येक हाकेमागे
गारठ्याचा एक सुरा गिळायचा.
रात्री घशाला कोरड, सकाळी खोकला,
दोन जिने चढताना नाकी नऊ.
मी म्हणे, वय झालं.
मी म्हणे, जंगलं पेटली त्या उन्हाळ्याचा धूर आहे हा.
पलीकडच्या ठेल्यावरची मात्र्योना म्हणे,
हाडं उकळून पी.

दवाखान्यात क्युन्नेय नावाची पोर बसते,
विल्युयस्कची, गालांवर अजून गावाकडचा लाल रंग.
"बोलू नका," म्हणाली,
आणि घड्याळाकडे बघत बसली.
मिनिटाला सव्वीस.
"खांद्यांनी श्वास घेता तुम्ही.
पोट नुसतं बसून आहे, न जेवलेल्या पाहुण्यासारखं."
फवारा दिला, तो सोडायचा नाही म्हणाली.
मग म्हणाली, आणि तोंड मिटा.

"नाक म्हणजे आपल्या घरांची तीन दारं, मावशी.
गारठा प्रत्येक दाराशी थोडा थोडा टाकून येतो,
आत पोचतो तेव्हा माणसाळलेला असतो.
तुम्ही तर अठरा वर्षं खिडकीच फोडून ठेवलीत.
घेताना चार मोजा. सोडताना सहा.
घाई कुठलीच नाही."

मला राग आला.
छप्पन्न वर्षं मी काय करत होते मग?

परतताना बसमध्ये एर्चिम आठवला.
लेनेपलीकडे घोडे राखायचा.
"घोड्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही," सांगायचा,
"म्हणून बघ, पन्नासच्या थंडीत बर्फ उकरून चरतो,
नाकपुड्यांवर पांढऱ्या मिशा, आणि मुकाट."
स्वतः मात्र आ वासून घोरायचा.
मी कोपराने ढोसायचे, तो कुशीवर वळायचा.
आता मला ढोसायला कोणी नाही.
बहुधा म्हणूनच
कळलं नाही.

पहिला आठवडा नाक म्हणजे गंजलेलं कुलूप.
मफलर डोळ्यांपर्यंत, ओठ शिवल्यासारखे,
सहापर्यंत मोजायचं तर चारलाच जीव घाबरा,
दोनदा मफलर ओढून खाली केला,
तिसऱ्यांदा केला आणि रडले.
नाक दाबलं की तोंड उघडतं, हे सगळेच म्हणतात.
तोंड मिटलं की नाक उघडतं, हे कोणी सांगत नाही.
त्याला दहा-बारा दिवस लागतात.

मग एका सकाळी कुऱ्हाडीने मुक्सून तोडताना
काकडीचा वास आला.
ताज्या, चिरलेल्या काकडीचा,
मी आजूबाजूला बघितलं, जानेवारीत कुठली काकडी!
माशाचाच होता.
अठरा वर्षं विकत होते.

खोकला गेला असं नाही.
जिन्यात अजून थांबते, पण एकदाच.
रात्रीचं पाणी सकाळी पेल्यात तसंच असतं.
आणि ठेला झाकताना एक बारीक सळसळ येते कानावर,
सोडलेला श्वास हवेतच गोठून
खाली सांडतो, तिची.
आमच्याकडे तिला ताऱ्यांची कुजबुज म्हणतात.
लहानपणी ऐकली होती.
मधली वर्षं बहुतेक मीच ओरडत होते.

काल एकाने विचारलं, हा मोठा चीर कितीला?
मी नाकाने घेतला. चार.
सोडायला लागले.
त्याला वाटलं, बाई अडून बसलीय.
मी तीनवर होते तेव्हा त्याने पन्नास रुबल वाढवले,
सहावर, आणखी पन्नास.

मात्र्योना बघतच राहिली,
आ वासून, तिच्या माशांसारखी.
मी मफलरीवर बोट ठेवलं आणि
खूण केली,
मिट.